आधी पाण्याचा हिशेब, मग मसाल्याचा

एप्रिल उजाडला की गच्चीवरच्या कुंड्या आणि अंगणातले वाफे एकदमच द्यायला लागतात. गवार आज मूठभर असते, परवा टोपलीभर. काकडी पानाआड लपते आणि सापडते तेव्हा जून झालेली असते. टोमॅटो सगळे एकाच आठवड्यात पिकतात. शेजाऱ्यांना देऊन झालं, रोज तीच भाजी खाऊन घरातले कुरकुरायला लागले की मला फोन येतो, "काकू, एवढ्याचं करू तरी काय?"

माझं माहेर कोकणातलं, सासर घाटावरचं. दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांनी जे कानात घातलं ते सांगते. पाककृती तुम्हाला मोबाइलवर ढिगाने मिळतात. त्यांत जे लिहायचं राहून जातं तेवढंच इथे आहे. आणि हे पोरींना सांगतेय तसंच पोरांनाही. बरणी उचलायला ताकद लागते, ती तुमच्याकडे आहे.

राखणदार कोण, ते आधी विचारा

काकडीत शंभरात पंच्याण्णव भाग पाणी. टोमॅटोत चौऱ्याण्णव, भेंडीत नव्वदच्या आसपास. दहा किलो टोमॅटो अगदी कोरडे वाळवले तर हातात सहा-सातशे ग्रॅम येतात, बाकी सगळं पाणी. बुरशीला आणि जंतूंना जगायला हेच पाणी लागतं. म्हणून टिकवण्याचा सगळा खटाटोप या पाण्याशी आहे. ते उन्हाने काढून टाका, मिठाने किंवा साखरेने बांधून ठेवा, नाहीतर इतकं आंबट करा की जंतूंचं त्यात काही चालू नये.

ऊन, मीठ, साखर आणि आंबट हे चार राखणदार. कैरीच्या लोणच्यावर मीठ आणि आंबट असे दोघं उभे असतात. साखरांब्यावर साखर आणि आंबट. सांडग्यावर एकटं ऊन, म्हणून त्यात मीठ चवीपुरतं चालतं. तेल या चौघांत धरू नका. तेल वरून हवा अडवतं, पण आत शिरलेल्या जंतूला मारत नाही.

कुठलीही नवी पाककृती हातात आली की एवढंच विचारा: यात राखायला कोण आहे? उत्तर मिळालं नाही तर तो पदार्थ फ्रिजमध्ये ठेवा आणि आठवड्यात संपवा.

टिकवायचं ते उत्तमातलं

नासायला टेकलेलं ते लोणच्यात ढकलायचं, ही सवय वाईट. दबलेल्या, डागलेल्या फोडीतून बुरशी आधीच आत गेलेली असते. सकाळी दव वाळल्यावर पण ऊन चढायच्या आत खुडा आणि त्याच दिवशी कामाला लावा.

कैरी झेल्याने उतरवलेलीच लोणच्याला घ्या, पडलेली नको. रायवळ, आंबट, घट्ट, आतली कोय धरलेली हवी. कोय कोवळी असली तर फोडी पुढे लिबलिबीत होतात. वाऱ्याने पडलेल्या कैऱ्या वाया घालवू नका. ठेचलेला भाग काढून पातळ काप करा, मीठ लावा आणि वाळवा. ही आंबोशी. आमटीत चिंचेऐवजी दोन तुकडे टाकले की काम झालं.

आमच्या कोकणात लोणचं पावसाच्या आत घालतात. घाटावर आणि विदर्भात पुष्कळ घरी मृगाचा पहिला पाऊस पडून गेल्यावर घालतात, कारण तोवर कैरी चांगली धरते. यावरून भांडू नका. कैरी धुऊन, पुसून, घरातल्या वाऱ्यावर कोरडी झाली की दोन्हीकडचं लोणचं टिकतं.

लोणचं वजनाने घाला

"अंदाजाने घालते" हे म्हणायचा हक्क चाळीस वर्षं घातलेल्या बाईला. तुम्ही वजनकाटा घ्या. किलोभर फोडींना दोनशे ग्रॅम मीठ, शंभर ग्रॅम मोहरीची डाळ, पाऊणशे ग्रॅम तिखट, वीस ग्रॅम हळद, पंधरा ग्रॅम मेथी, दहा-पंधरा ग्रॅम हिंग आणि अडीचशे ते तीनशे ग्रॅम तेल. तिखट-मेथी आवडीप्रमाणे इकडेतिकडे करा. मिठाला हात लावू नका. घरात कुणाला रक्तदाब असेल तर त्याने फोड अर्धी खावी. बरणीतलं मीठ कमी करून सगळ्यांचं लोणचं घालवू नये. कमी मिठाचं, कमी तेलाचं करायचंच असेल तर थोडं करा आणि फ्रिजमध्ये ठेवा.

मीठ आधी तव्यावर कोरडं गरम करून गार करा, त्यातला दमटपणा जातो. फोडींना मीठ-हळद लावून रात्रभर ठेवल्यावर जे पाणी सुटतं ते फेकू नका. ते खारट आणि आंबट दोन्ही असतं, म्हणजे आपले दोन राखणदार त्यातच असतात.

आता मोहरी. मोहरीचा झणका दाणा फुटेपर्यंत जागा होत नाही. ती फेसायची असते. डाळ खलबत्त्यात घ्या, चमचा-चमचा पाणी घाला आणि एकाच दिशेने घोटत राहा. आधी ती नुसती ओली भुकटी दिसते. मग रंग फिका होतो, कडेला फेस धरतो आणि एका क्षणी वाफ नाकातोंडात जाऊन डोळ्यांतून पाणी येतं. तिथे थांबा. हा झणका जिभेला तर हवाच, शिवाय बुरशीलाही तो सोसत नाही. पण तो उष्णतेने मरतो. म्हणून कढत तेल मोहरीवर ओतायचं नाही. तेल धूर येईपर्यंत तापवा, खाली उतरवा, जरा निवलं की हिंग आणि हळद टाका, आणि बोट बुडवता येईल इतकं गार झालं की मगच मसाल्यात घाला. फेसलेल्या मोहरीत पाणी असतं, तेव्हा ती काकडी-गाजराच्या ताज्या, आठवडाभराच्या लोणच्याला वापरा. वर्षाच्या लोणच्याला डाळ कोरडीच भरडून घाला. फोडींच्या खारात ती आपोआप झणझणते.

बरणी चिनी मातीची किंवा काचेची. तांब्या-पितळेचं, ॲल्युमिनियमचं भांडं नको, खार ते खातो. बरणी धुऊन उन्हात तापवा, निखाऱ्यावर हिंगाचा खडा टाकून त्या धुरावर पालथी धरा. भरल्यावर फोडी तेलात बुडलेल्या हव्यात, वर बोटभर तेल उभं हवं. तोंडाला कोरडा दादरा बांधा. रोज काढायला वेगळी लहान बरणी करा. मोठी पंधरवड्यातून एकदाच उघडायची.

आणि एक जुनी गोष्ट मोडीत काढा. पाळी आलेल्या बाईने लोणच्याला शिवलं की ते नासतं, असं आम्हाला सांगितलं गेलं. ते खोटं आहे. लोणचं नासतं ते ओल्या हाताने आणि ओल्या चमच्याने, मग तो हात कुणाचा का असेना.

लिंबाला थांबा

उन्हाळ्यात लिंबू सगळ्यात महाग आणि रसाला सगळ्यात कमी. सरबतापुरतं घ्या. लोणचं पावसाळा सरता सरता किंवा थंडीत घाला, तेव्हा लिंबू स्वस्त, पातळ सालीचं आणि रसाळ असतं. लिंबाच्या लोणच्याला तेलाची गरज नाही. किलोला दोनशे ग्रॅम मीठ लावून बरणी रोज हलवायची आणि साल मऊ होईपर्यंत धीर धरायचा. पहिले काही दिवस कडू लागतं, म्हणून घाबरून साखर ओतू नका.

खारातलं

तेल नको, मसाला नको असं टिकवायचं असेल तर खार. बाळकैऱ्यांसाठी लिटरभर पाण्यात दीडशे ते दोनशे ग्रॅम मीठ घालून उकळा, पूर्ण गार करा आणि त्यात कैऱ्या बुडवा. तरंगणारी कैरी आधी नासते, म्हणून वर ताटली आणि तिच्यावर धुतलेला दगड ठेवा. महिन्याभरात त्या सुरकुततात आणि पावसाळाभर पेजेला सोबत करतात. गोव्यात कैऱ्यांना मीठ लावून वजनाखाली चपट्या करतात, त्यांना चेपणी म्हणतात. तत्त्व तेच.

काकडी, गाजर, हिरव्या मिरच्यांचं थोड्या दिवसांचं करायचं असेल तर मीठ बरंच कमी लागतं, लिटरला तीस ग्रॅम. इतक्या मिठात चांगले जंतू वाढतात, तेच दही लावणाऱ्या कुळातले, आणि भाजी स्वतःच आंबट होते. मे महिन्याच्या गरमीत तीन दिवसांत पाणी गढूळ होतं, बुडबुडे येतात, वास आंबूस होतो. ते नासणं नव्हे. आंबटपणा हवा तेवढा आला की फ्रिजमध्ये ठेवा. वर केसाळ, रंगीत बुरशी दिसली तर मात्र सगळं फेका. वरचा थर काढून खाली बरं असेल, असं म्हणू नका.

उन्हात घालायचं ते

वाळवणाला ऊन लागतं हे सगळ्यांना माहीत, वारा लागतो हे कमी जणांना. कोकणात ऊन कडक असूनही हवेत ओल असते. तिथे काप पातळ करा, दुपारी उलटा आणि सूर्य कलायच्या आत आत घ्या. रात्रीची ओल दिवसभराची कमाई परत घेते. विदर्भात उलटं. तिथल्या पंचेचाळीस अंशांत वरची साल चटकन कडक होते आणि आतलं पाणी आतच अडकतं. तिथेही काप पातळच हवे आणि दिवसातून दोनदा परतायचे.

गवार देठ-शिरा काढून उकळत्या खाऱ्या पाण्यात दोन-तीन मिनिटं टाका, निथळा, सुती कापडावर पसरा. ही उकळी चुकवू नका. तिने भाजीची आतली क्रिया थांबते, नाहीतर वाळलेली गवारसुद्धा महिन्याभरात गवतासारखी लागते. कारल्याच्या चकत्यांना मीठ लावून पिळून घ्या. शेवग्याचा पाला, कढीपत्ता, मेथी सावलीत वाळवा, उन्हात रंगही जातो आणि वासही.

कोहळ्याच्या सांडग्यांचं गुपित असं: उडदाची डाळ रात्री भिजवा, सकाळी पूर्ण निथळा आणि वाटताना पाण्याचा थेंब घालू नका. कोहळ्याचा कीस स्वतःचं पाणी सोडतो, तेवढं पुरतं. पीठ सैल झालं तर सांडगे पसरतात आणि आतून वाळत नाहीत.

सांडगी मिरची घरची असेल तर तिच्यासारखी चीज नाही. जाड, बुटकी, कमी तिखट मिरची घ्या. देठ ठेवून एका बाजूने चीर द्या. धने, जिरे, मेथी भाजून भरड कुटा, हिंग आणि मीठ घाला, लिंबाच्या रसात किंवा आंबट ताकात कालवा आणि चिरेत बोटाने दाबून भरा. पहिल्या दिवशी मिरची ओघळते, सारण बाहेर डोकावतं. संध्याकाळी आत आणून पुन्हा दाबायचं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती आक्रसते आणि सारण स्वतःच धरून ठेवते. हलवल्यावर खुळखुळली की झाली.

वाळलं का, हे बोटाने बघू नका. मोडून बघा. गवार कडकन मोडली पाहिजे. वाकली तर आणखी एक दिवस. मग काचेच्या बरणीत सैलसर भरून आठवडाभर रोज हलवा. काचेवर आतून ओल दिसली तर सगळं पुन्हा उन्हात. आणि पावसाळा संपला की ऑक्टोबरच्या उन्हात वाळवणाला एकदा ऊन दाखवायचंच.

गोडाचं

कैरी आंबट, त्यामुळे साखर सढळ लागते. किलोभर किसाला सव्वा ते दीड किलो साखर. हात आखडला की साखरांबा फसफसतो, कारण तयार पदार्थात शंभरात पासष्ट भागांच्या आसपास साखर असेल तेव्हाच ती पाण्याला पुरती बांधते. पाक झाला का हे बघायला थंड बशीत थेंब टाका आणि मधून बोट ओढा. रेघ मिटली नाही तर उतरवा. घरात थर्मामीटर असेल तर तुमच्याकडे पाणी जेवढ्याला उकळतं त्याच्या चार-पाच अंश वर. पाक जास्त झाला तर साखरेचे खडे धरतात. गुळांबा चवीला सरस, पण गुळात ओल आणि कचरा दोन्ही असतात. गूळ विरघळवून गाळून घ्या आणि गुळांबा आधी संपवा.

टोमॅटो आणि बाटल्यांची घाई

इथे जरा कान देऊन ऐका. हल्ली बाटल्यांत भाज्या भरून ठेवायची हौस वाढली आहे. हवा नसलेल्या बाटलीत एक भयंकर जंतू वाढू शकतो. त्याचं विष जिवावर बेततं, आणि दर वेळी वासाने किंवा चवीने कळतंच असं नाही. त्याचे बीजाणू उकळत्या पाण्यात मरत नाहीत. पण तो आंबटाला भितो. आम्लता मोजायच्या पट्टीवर 4.6 ही त्याची हद्द. आकडा त्याच्या खाली, म्हणजे पदार्थ त्याहून आंबट, तर तो वाढत नाही.

टोमॅटो नेमका या हद्दीच्या आसपास असतो, कधी अलीकडे, कधी पलीकडे. म्हणून टोमॅटोचा गर बाटलीत भरताना अर्ध्या लिटरला एक मोठा चमचा बाटलीतला लिंबाचा रस किंवा पाव चमचा सायट्रिक ॲसिड घाला. घरच्या लिंबाचा आंबटपणा कमी-जास्त असतो, म्हणून इथे बाजारचा रस बरा. बाटल्या पाण्यात पूर्ण बुडवून चाळीस मिनिटं उकळा. एवढं करायचं नसेल तर गर आटवून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा.

गवार, भेंडी, मका असल्या गोड्या भाज्या पाण्यात भरून बाटलीबंद करूच नका. त्याला लागणारी उष्णता शंभर अंशांच्या पुष्कळ वर असते आणि आपला भाताचा कुकर त्या कामासाठी बनवलेला नाही. त्या वाळवा, खारवा किंवा गोठवा. लसणाच्या पाकळ्या नुसत्या तेलात बुडवून ओट्यावर ठेवायची फॅशनही सोडा. तिथे ना मीठ, ना आंबट. झाकण फुगलेलं दिसलं की चाखून बघायचं नाही, तसंच फेकायचं.

जून काकडीला भट्टी

जून झालेली काकडी लोणच्याच्या कामाची नाही, कोशिंबिरीच्याही नाही. तिचं धोंडस करा. कोकणात आणि गोव्यात ते तवसळी म्हणूनही ओळखलं जातं. आपल्याकडे ओव्हन येण्याच्या कितीतरी आधीपासून आपण असं भाजत आलो आहोत: खाली मंद आच, पातेल्यावर ताटली आणि ताटलीवर निखारे.

आधी दोन्ही टोकांचे तुकडे चाखा. कडू निघाली तर ती काकडी बाद. साल आणि बिया काढून किसा. दोन वाट्या किसाला एक वाटी तुपात भाजलेला जाड रवा, एक वाटी गूळ, अर्धी वाटी ओलं खोबरं, वेलची आणि मिठाची चिमूट. किसाचं पाणी पिळू नका, रवा त्यातच शिजतो. सगळं मंद आचेवर घट्ट होईपर्यंत हलवा, तूप लावलेल्या भांड्यात, मिळालं तर खाली हळदीचं पान घालून थापा. ओव्हनमध्ये 180 अंशांवर चाळीस मिनिटं. मधोमध सुरी खुपसा, कोरडी निघाली की झालं. गार झाल्याशिवाय कापू नका, भुगा होतो. हे दोन दिवसांत संपवायचं. सगळंच वर्षभर ठेवायचं नसतं. ताजं खाऊन संपवणं हाही पिकाचा मान राखणंच आहे.

शेवटचं सांगणं

एकाच उन्हाळ्यात हे सगळं करायला जाऊ नका. या वर्षी किलोभर कैरीचं लोणचं, एक वाळवण आणि एक गोड, एवढं पुरे. प्रत्येक बरणीवर चिठ्ठी लावा: तारीख, कशाचं, आणि मीठ किंवा साखर किती ग्रॅम घातली. पुढच्या मार्चमध्ये त्या चिठ्ठ्या काढून वहीत चिकटवा, आणि कुठली बरणी आधी संपली व कुठली उरली ते शेजारी लिहा. जी उरली ती पुढच्या वर्षी घालू नका.